सीताफळाच्या बीएवढी

"दाबू नका! डाग पडते फळाले."

अन्नपूर्णानं त्याच्या मनगटावर चापट मारली, आणि मग तिलाच लाज वाटली. १९६६ सालचा आश्विन. मेहकरच्या एसटी स्टँडबाहेर ती मावशी सोजराबाईशेजारी सीताफळांची डाल घेऊन बसली होती. समोरच्या तरुणानं शहरी पँट घातली होती, पण बोली इथलीच.

"मंग पिकलेलं ओळखायचं कसं?"

"डोळे पाह्यचे. खवल्यांमधली रेघ पांढरी पडली का समजायचं, आलं."

"मले तं कच्ची पाह्यजेत. आन् बिया."

"बिया? काऊन, उवा झाल्या काय डोक्यात, वाटून लावाले?"

तो मोकळा हसला. इंद्रभान नाव, साखरखेर्ड्याचा, नागपूरला रसायनशास्त्र शिकणारा. त्याचे सर या फळाचा अर्क काढून तपासत होते.

"याच्या रसानं कॅन्सरची गाठ विरघळते," तो म्हणाला.

अन्नपूर्णाच्या हातातलं फळ हातातच राहिलं.

आठ दिवसांपूर्वी न्हाताना, डाव्या छातीत, तिच्या बोटाखाली काहीतरी सरकलं होतं. सीताफळाच्या बीएवढं, तसंच गुळगुळीत. दुखत नव्हतं... आणि भय त्याचंच होतं. तिच्या आईची, रुखमाबाईची, गाठही दुखत नव्हती. तिनं ती शरमेपोटी लपवली आणि उघड झाली तेव्हा डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

"खरंच विरघळते?" तिनं विचारलं.

तिचे डोळे त्याच्यावर असे खिळले की इंद्रभानचं भान सुटलं. "पुरी! लोण्यावानी."

दिवाळीच्या सुटीभर तो दर बाजाराला येत राहिला. बियांची पिशवी कधीच भरली होती, तरी येत राहिला. ती खोचून बोलायची, तो उलट बोलायचा. सोजराबाई पाठ फिरवून पान लावायची. आणि दर खेपेला अन्नपूर्णा एकदा तरी हळूच विचारायची, "कितीक दिवस लागतात?" तो म्हणायचा, "महिन्याभरात साफ!"

ती रोज सकाळी अनशापोटी दोन सीताफळं खायची, वर पानांचा काढा. मग दाराला कडी लावून बोटानं चाचपायची. गाठ तिथंच. कधी वाटायचं, लहान झाली. कधी वाटायचं, मोठी झाली.

तिसऱ्या आठवड्यात तिनं विचारलं, "बिया वाटून पेल्या तं लवकर विरघळन?"

इंद्रभानच्या चेहऱ्यावरचं हसू उडालं. "बिया इख हायेत, जहर! कोणाले पाजता?"

"मैत्रिणीले."

"कोण मैत्रीण?"

तिनं पदर डाव्या खांद्यावर घट्ट ओढून घेतला. इंद्रभानला उमगलं. तो डालीसमोर खाली बसला.

"ऐका," तो म्हणाला. "काचेच्या बशीत थोड्याशा पेशी असतात. अर्क टाकला तं कधी मरतात, कधी नाही मरत. एवढंच खरं हाय. माणसाची गाठ विरघळलेली मी पाह्यली नाही. कोणीच नाही पाह्यली."

"आन् ते लोणी? महिन्याभरात साफ?"

"पदरचं जोडलं मी. तुमी ऐकत होत्या... तुमचे डोळे असे... म्हणून दर खेपेले थोडं जोडत गेलो."

"माही माय लपवून गेली," अन्नपूर्णा म्हणाली. "मी तीन हप्ते तुमच्या भरवशावर काढले."

ती उठली आणि मावशीच्या कानाशी वाकली. पानावर चुना लावणारं सोजराबाईचं बोट थांबलं.

दुसऱ्या दिवशी तिघं बुलढाण्याच्या दवाखान्यात होती. लेडी डॉक्टरनं तपासलं. अन्नपूर्णा बाहेर आली तेव्हा इंद्रभान बाकावरून उठला.

"सरकते म्हणे, हे बरं. पण काढून नागपूरले तपासाले धाडतीन. तवरक काहीच सांगता येत नाही." तिनं एक शब्द वाढवला नाही, एक कमी केला नाही.

"अन्नपूर्णा," इंद्रभान म्हणाला. "काहीही निघालं तरी मले तुमच्यासंगच राह्यचं हाय."

"याच्यात जोडलेलं किती?"

"काहीच नाही."

ती एसटीत जाऊन बसली.

गाठ काढली. तपासणीचा कागद यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत तिनं एकाही सीताफळाला हात लावला नाही, आणि झोप अशी लागलीच नाही. कागद इंग्रजीत होता. इंद्रभाननं एकेका शब्दावर बोट ठेवून वाचला, आणि शेवटी तो म्हणाला, "साधी गाठ हाय. कॅन्सर नाही."

अन्नपूर्णानं त्याच्या हातातून कागद घेतला, सरळ नर्सकडे गेली आणि तिच्याकडून पुन्हा वाचून घेतला. एकदा. दोनदा. मग भिंतीला टेकून, पदरात तोंड खुपसून रडली.

डोळे पुसून परत आली, ती त्याच्यापुढं उभी राहिली.

"हे तं नर्सबाईनं वाचलं. आन् त्या दिवशी तुमी जे बोलले... ते कोणाकडून वाचून घेऊ?"

इंद्रभान लाल झाला. मागून सोजराबाई म्हणाली, "माह्याकडून घे वं. आश्विनापासून याले वाचून राह्यले मी."