मागायचं राहिलेलं मत

"किल्ली परत विसरलास ना रे गाढवा?" दार उघडायच्या आधीच वैभवी ओरडली.

उघडून बघते तर दारात घरात सोबत राहणारा यतीन नव्हताच. भर पावसात एक उंच, सावळा, अनोळखी तरुण उभा होता. कोटावर पांढऱ्या रिबिनीचं फूल, काखेत भिजत चाललेल्या पत्रकांचा गठ्ठा. आणि ही कशी? केसांत वाटीभर खोबरेल तेल थापलेलं, वर जुनाट पंचा बांधलेला, अंगात यतीनचाच ढगळ टी-शर्ट! देवा रे देवा... आता हा इंग्रजीत काहीतरी विचारणार, आपण सॉरी म्हणणार, दार लावणार आणि उशीत तोंड खुपसणार, असा तिचा बेत ठरतोय तोवर तो माणूस चक्क मराठीत बोलला.

"किल्ली नाय माझ्याकडे. पण गाढव मी आहे, बहुतेक. एवढ्या पावसात कोण फिरतो?"

वैभवीचा आ वासला तो वासलेलाच राहिला. नागपूर सोडून हॉलवर्थला येऊन तिला वर्ष उलटलं होतं. लीड्सहून ट्रेनने अर्ध्या तासावरचं हे यॉर्कशरचं मध्यम शहर. इथे मराठी म्हणजे तिच्या घरातली पाच डोकी, सगळी एकाच सॉफ्टवेअर कंपनीतली, एवढाच तिचा समज. आणि हा दारात उभा राहून यॉर्कशरी हेल काढत मराठी बोलतोय!

त्याचं नाव जय. जन्म इथलाच, आई मधुमती मूळची साताऱ्याची. शाळेत गणित शिकवायचा. वॉर्डात कौन्सिलची पोटनिवडणूक होती आणि हा बहाद्दर अपक्ष उभा होता, कारण कौन्सिलने शहराचा जुना स्विमिंग पूल पाडून तिथे कार पार्क करायचं ठरवलं होतं. समोर बार्टन नावाचा मुरलेला गडी. हे सगळं त्याने उंबऱ्यावर टपटप गळत सांगितलं. मग नागपूरला किती गरम होतं ते विचारलं. मग तिने त्याला आत घेतलं, टॉवेल दिला, चहा दिला. मग त्याने त्या चहाची एवढी तारीफ केली की तिला संशयच आला. अर्ध्या तासाने गेला तेव्हा पत्रकांचा गठ्ठा सोफ्यावरच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी ती तो परत द्यायला गेली. आता, पत्रकं काय, पोस्टाने नसती गेली? पण न्हाऊन, काजळ घालून, निळा कुर्ता चढवून गेली. कालचं ध्यान पुसायला नको?

झालं! गेली ती अडकलीच. पूलशी तिचंही नातं होतं म्हणा. बुधवारी तिथे फक्त बायकांचा तास असायचा, खिडक्यांना पडदे लावून. नागपुरात जन्मात पाण्यात न उतरलेली वैभवी तिथेच तरंगायला शिकली होती. तो पूल पाडणार म्हटल्यावर तिचं डोकं फिरलंच. ती संध्याकाळी जयबरोबर दारोदार हिंडू लागली. इंग्रज आज्यांना तिने काय भुरळ घातली कोण जाणे, जयला दारातूनच वाटेला लावणाऱ्या म्हाताऱ्या तिला बिस्किटं द्यायच्या.

"तू उमेदवार हो," जय म्हणायचा. "मी तुझा छत्री पकडतो."

"तुझी छत्री."

"माझी? नाही, ही तुझाच आहे."

ती हसत सुटायची. तो मुद्दाम चुकतो की खरंच, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. एकदा पायऱ्यांवर तिची ओढणी फाटकात अडकली, तर ती सोडवायला याला केवढा वेळ लागावा! बोटं थंडीने आखडलीत म्हणे. आणि ही पण शहाणी, मान वर करून बघायला तयार नाही.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी त्याने तिला घरापर्यंत सोडलं. निघता निघता थबकला.

"शुक्रवारी रिझल्ट आला की तुला एक गोष्ट सांगायची आहे. जिंकलो तरी... हरलो तरी."

"आत्ताच सांग की."

"आत्ता नाही. आत्ता मी उमेदवार आहे. उमेदवार सगळ्यांना गोड बोलतो."

त्या रात्री वैभवीला झोप कसली येते!

गुरुवारी तिने ऑफिसला सुट्टी टाकली. मतदान केंद्र म्हणजे प्राथमिक शाळेचा हॉल. उमेदवाराच्या माणसांनी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचं आणि मत देऊन येणाऱ्याला त्याचा मतदार यादीतला नंबर विचारायचा, म्हणजे आपलं कोण यायचं राहिलंय ते कळतं आणि त्याला घरून उचलून आणता येतं, अशी तिथली रीत. त्या खुर्चीवर ही दिवसभर बसली. एका आजीला दाराशी आणून सोडलं, एका बाळंतिणीचं मूल सांभाळलं, "पाऊस फार आहे, जाऊ दे" म्हणून मागे वळणाऱ्या एका आजोबांना गोड बोलून परत आत पाठवलं. दार तिच्यापासून चार पावलांवर. त्या दारातून अख्खा वॉर्ड आत गेला आणि बाहेर आला. ती मात्र एकदाही आत गेली नाही. कशाला जाईल? आपण व्हिसावरची माणसं, पासपोर्ट भारताचा. आपल्याला कुठलं आलंय इथे मत?

शुक्रवारी सकाळी टाऊन हॉलमध्ये मोजणी झाली. लांब टेबलं, मतांचे गठ्ठे, बोटांना रबरी टोप्या घातलेल्या बायका. जय एका कोपऱ्यात नखं खात उभा होता. वैभवी त्याच्या आईच्या, मधुमतीकाकूंच्या शेजारी. काकू आयुष्यभर हॉस्पिटलात सिस्टर होत्या. डोळ्यांसमोर काहीही झालं तरी चेहऱ्याची घडी मोडायची नाही, ही त्यांची सवय. पण आज त्याही रुमाल पिळत होत्या.

निवडणूक अधिकारी बाई माइकपाशी आल्या आणि आकडे वाचू लागल्या.

दोघांना सारखी मतं.

पुन्हा मोजली. पुन्हा सारखी! बार्टनसाहेबांचा लालबुंद चेहरा पांढरा पडला. जय तर भिंतीला टेकला. मग बाईंनी शांतपणे सांगितलं की आता कायद्याप्रमाणे चिठ्ठी टाकायची. वैभवीला वाटलं, आपलं इंग्रजी चुकतंय. चिठ्ठी? भिशीत टाकतात तशी? एवढ्या मोठ्या लोकशाहीत? पण खरंच एक कारकून दोन पाकिटं आणि एक काचेचं भांडं घेऊन आला.

"एक मत," ती पुटपुटली. "काकू, फक्त एक मत हो! कोण मेला घरी झोपून राहिला असेल?"

काकूंनी रुमाल आणखी पिळला. मग तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तू कधी दिलंस? सकाळीच?"

"मी? मी कशी देणार? माझा पासपोर्ट इंडियन."

मधुमतीकाकूंनी सावकाश मान वळवली.

"अगं, म्हणून काय झालं? आपला देश कॉमनवेल्थमधला. इथे राहणाऱ्या भारतीयाला मत असतं. मी आले त्याच वर्षी मत दिलंय, तेव्हा कुठे होता माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट? तुला मतदानाचं कार्ड नाही आलं घरी?"

वैभवीच्या पायाखालची जमीनच सरकली. आलं होतं! घर घेताना न वाचता भरलेल्या कौन्सिलच्या फॉर्मांवरून पाचही जणांच्या नावाने आली होती कार्डं. "चुकून आलेली दिसतात, हात लावू नका, उगाच व्हिसाची भानगड व्हायची," असं घरात सगळ्यांना बजावणारी कोण? हीच. कार्डं रद्दीच्या डब्यात टाकणारी कोण? हीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो कळसा हिने स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकला होता.

तिला ओरडावंसं वाटलं, थांबा! पण तोवर बाईंचा हात भांड्यात गेला होता. त्यांनी पाकीट फोडलं, चष्मा सारखा केला आणि नाव वाचलं.

बार्टन.

एका बाजूने टाळ्या पडल्या. दुसऱ्या बाजूला कोणीतरी रडलं. जयने पुढे होऊन बार्टनसाहेबांचा हात हातात घेतला, काहीतरी बोलला, हसलासुद्धा. मग गर्दीतून वाट काढत तो थेट वैभवीकडे आला, तिला बाहेर पायऱ्यांवर घेऊन गेला. पाऊस होताच. त्याचा चेहरा विझलेला होता, पण डोळे नाही.

"हरलो," तो म्हणाला. "आता मी उमेदवार नाही. तर ती गोष्ट..."

गप्प बसावं, असं तिला एक क्षण वाटलं. खोटंही बोलावं लागणार नव्हतं. कुणी विचारलं नव्हतं, कुणी विचारणारही नव्हतं. नुसतं गप्प राहायचं, त्याला बोलू द्यायचं, आणि गेला महिनाभर जे ऐकायला जीव टांगणीला लागला होता ते ऐकायचं. पण तसं ऐकलेलं तिला पचलं नसतं.

"आधी माझं ऐक. मी मत दिलं नाही, जय."

तो हसला. "गंमत नको."

"मला वाटलं आम्हाला मत नसतं. घरातल्या सगळ्यांना मीच सांगितलं. कार्डं मी फेकली. पाच मतं होती तुझी, आणि ती माझ्यामुळे गेली. पूल माझ्यामुळे गेला. आता तुला जे सांगायचंय ते सांगू नकोस, प्लीज. मला ते घेता येणार नाही."

जय ओल्या पायरीवर मटकन खाली बसला.

"पाच?" तो म्हणाला. "फाइव्ह?"

तिला रडू फुटलं. एवढा वेळ कोंडलेलं सगळंच बाहेर आलं. तो बोटांवर पाच मोजत बसला, आणि ते तिला शिव्यांपेक्षा जास्त लागत होतं. घरी जावं, बॅग भरावी, दुसऱ्या प्रोजेक्टवर बदली मागावी, इथपर्यंत तिचं ठरून गेलं.

"मी त्या दिवशी तुझ्या घरी का आलो होतो?" त्याने एकदम विचारलं.

"पत्रक द्यायला."

"मत मागायला! सगळ्या स्ट्रीटवर मी प्रत्येक घरात विचारला, तुम्ही मला मत देणार का? बोलायचा वाक्य पाठ होता. तुझा दार उघडला आणि मी विसरलो. नंतर रोज आलो, रोज विसरलो. एकदा जरी विचारला असता तर तू म्हटली असतीस, मला मत नाही. आणि मी सांगितला असता, आहे." त्याने वर पाहिलं. "उमेदवाराचं काम एकच असतं, वैभवी. मत मागणे. ते मी फक्त तुझ्याकडे नाही केला. कारण तुझ्याकडे मला दुसरंच काहीतरी मागायचं होतं."

तिचे हुंदके एकदम थांबले.

"तुमची दोघांची कसली चूक?" मागून आवाज आला.

मधुमतीकाकू दाराबाहेर पावसात उभ्या होत्या. छत्री हातात, पण उघडायची शुद्ध नव्हती. केस भिजून कपाळाला चिकटले होते.

"तिने निदान अजाणता केलं," त्या म्हणाल्या. "मी जाणूनबुजून केलं. मी बार्टनला मत दिलं."

जय उठून उभा राहिला. वैभवीने तोंडावर हात ठेवला. अख्ख्या इंग्लंडातलं कुणीही हे बोललं असतं तरी दोघांनी मानलं असतं, पण ही बाई? जिने घरोघर वाटायच्या पत्रकांच्या घड्या घातल्या, रोज डबे भरून दिले?

"आई... व्हाय?"

"मला वाटलं, तू तर शेकडो मतांनी जिंकणार. माझ्या एका मताने काय होतंय!" काकूंचा आवाज चिरकला. "तुझे बाबा जन्मभर कसल्या ना कसल्या कमिटीवर होते. लोक म्हणायचे, पुरुषोत्तमराव देवमाणूस. तो देव माझ्या वाट्याला किती आला? ताट झाकून मी बसायची. तू शाळा सांभाळून वर कौन्सिलर झालास की तूही घरी दिसायचा नाहीस, लग्नाचं तर नावच नको. म्हणून तिथे गेले आणि हात वळला तिकडे. मघाशी सारखी मतं म्हटल्यावर मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं."

जय एकदा आईकडे बघायचा, एकदा वैभवीकडे. ज्या दोन बायकांच्या जिवावर त्याने निवडणूक लढवली, त्या दोघींनीच त्याला पाडलं होतं! मग त्याचे खांदे हलू लागले. वैभवीला वाटलं, रडतोय. पण तो हसत होता. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग त्याने पुढे होऊन आईला मिठीत घेतलं, आणि तिच्या खांद्यावरूनच वैभवीकडे पाहिलं.

"तू मला खूप आवडतेस," तो म्हणाला. एवढं एक वाक्य मात्र बिनचूक. "मे महिन्यात या वॉर्डच्या दुसऱ्या सीटची निवडणूक आहे. पूल पाडायला अजून वेळ लागेल. मी परत उभा राहणार. मला मत देशील?"

आईच्या देखत! वैभवीचे कान तापले. पण नागपूरची पोर ती, गप्प थोडीच बसणार?

"असं पायरीवर नाही," डोळे पुसत ती म्हणाली. "रीतसर घरी येऊन माग. तेव्हा बघू."

"आज येतो. संध्याकाळी."

"तिच्या इथल्या घरी जाऊन काय करणार?" काकूंनी आता कुठे छत्री उघडली आणि ती वैभवीच्या डोक्यावर धरली. "तिचे आईवडील नागपूरला आहेत ना? तिकडेच जाऊ. मागायला मीही येते."