टी-पेशींची तालीम

हंबीरकाकाचं रक्त डॉक्टरांनी मागच्या महिन्यात काढून नेलं होतं, आणि आज तेच ते त्याला परत देणार होते. यशूच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. रक्त खराब झालं म्हणून काढलं म्हणावं, तर परत कशाला द्यायचं? आणि चांगलं होतं म्हणावं, तर मुळात काढलंच कशाला? आईला विचारलं तर ती म्हणाली, "मोठ्यांच्या बोलण्यात नाक खुपसू नकोस." आबांना विचारलं तर ते "होईल सगळं नीट" म्हणाले आणि दुसरीकडेच बघायला लागले. म्हणजे त्यांनाही ठाऊक नव्हतं!

यशूचे आबा गावातल्या तालमीचे वस्ताद, म्हणजे कुस्ती शिकवणारे गुरू. हंबीरकाका हा त्यांचा धाकटा मुलगा आणि तालमीतला सगळ्यांत तगडा पैलवान. यशू चालायला लागली तेव्हापासून त्याच्या मागे मागे हौद्यात उतरायची. हौदा म्हणजे कुस्तीसाठी तयार केलेली लाल मातीची जागा. "माझा चेला आहे चेला!" असं काका सगळ्यांना सांगायचा.

गेल्या वर्षी काकाच्या मानेला गाठ आली. पैलवानाच्या मानेला गाठ म्हणजे मारच लागला असणार, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. हळदीचा लेप झाला, शेकून झालं, गाठ काही बधेना. शेवटी कोल्हापूरच्या डॉक्टरांनी बायोप्सी केली (गाठीचा बारीकसा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणं) आणि निदान झालं, लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग). मग केमोथेरपी सुरू झाली (कर्करोगाच्या पेशी मारणारी औषधं देणं). काकाचे केस गेले, दंड उतरले, पण गाठही विरघळली. घरात पेढे वाटून झाले. आणि काही महिन्यांत आजार उलटला. गाठ पुन्हा वर आली. त्या दिवशी यशूनं आबांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. ती इतकी घाबरली की जेवलीच नाही.

आता नवा उपचार होता. रुग्णालयात आबा खाली थांबले आणि यशू एकटीच लिफ्टनं वरच्या मजल्यावर आली. काकाच्या खोलीबाहेर काचेचं दार होतं आणि दारात एक यंत्रमानव उभा होता. उंचीला यशूएवढा, पोटावर चौकोनी पडदा. इथल्या लोकांनी त्याचं नाव जागल्या ठेवलं होतं, कारण तो कधी झोपायचा नाही. बोलायचा मात्र अगदी हेडमास्तरांसारखा.

"थांबावे," जागल्या म्हणाला. "आपल्या उजव्या खिशात सजीव आहेत. काही कोटी."

यशूचा हात चटकन खिशावर गेला. खिशात कुंकवाची जुनी डबी होती आणि डबीत हौद्यातली माती.

"सजीव कुठले? नुसती माती आहे. आणि ती मी काकाला देणार म्हणजे देणार!"

त्याला कारणही तसंच होतं. हौद्यात उतरताना पैलवान आधी हौद्याच्या पाया पडून चिमूटभर माती कपाळाला लावतो, मग शड्डू ठोकतो. काका हे एकदाच विसरला होता. मैदानात पोचायला उशीर झाला, तो तसाच धावत हौद्यात उतरला आणि चितपट झाला. त्याच आठवड्यात मानेची गाठ हाताला लागली. काका कुणाला सांगत नसे, पण त्याच्या मनानं घेतलं होतं की सगळं तिथूनच बिघडलं. काल फोनवर त्यानं यशूला बजावलं होतं, "माती आण. माती लावल्याशिवाय मी ती रक्ताची पिशवी लावून घेणार नाही. तुझी आण!"

"ही साधी माती नाही," यशू जागल्याला समजावू लागली. "आम्ही हिच्यात हळद घालतो, लिंबू पिळतो, तेल आणि ताक घालतो. औषधी असते ती."

"ताकसुद्धा?" जागल्याच्या डोक्यावरचा दिवा लुकलुकला. "मग तर जंतूंना मेजवानीच."

त्यानं डबीवर आपला बारीक डोळा धरला आणि पोटावरच्या पडद्यावर चित्र उमटलं. लाल कणांच्या मधून काड्या वळवळत होत्या, बुरशीचे गोल बीजाणू (बुरशीचं अतिशय सूक्ष्म बी) पडले होते. यशूनं तोंडच वाकडं केलं. "ई! हे रोज माझ्या कपाळावर असतं?"

"असते, आणि आपणास काहीही होत नाही. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी आहेत, त्या जंतूंना झोडपून काढतात. आपल्या काकांच्या रक्तात आज त्या फार थोड्या उरल्या आहेत."

"का? कुणी नेल्या?"

"आम्हीच कमी केल्या."

"अरे वा रे वा! आजारी माणसाचे पहारेकरी तुम्हीच पळवता?"

जागल्याला राग येत नसे, त्यामुळे तो शांतपणे सांगू लागला. "आरंभापासून सांगतो. आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशी दुभंगते आणि एकीच्या दोन होतात, म्हणून जखमा भरतात, मुले वाढतात. कधी दुभंगायचे आणि कधी थांबायचे याच्या सूचना पेशीच्या आतच असतात. त्यांना जनुके म्हणतात. प्रत्येक वेळी या सूचनांची नक्कल करावी लागते आणि नक्कल करताना कधी कधी चूक होते. थांबण्याची सूचनाच बिघडली तर पेशी वाढतच राहते. तिला कर्कपेशी म्हणावे."

"म्हणजे माती लावायची राहिली म्हणून नाही होत?"

"नाही. कर्करोग कुणाच्या विसरण्याने होत नाही, आणि शेजारी बसल्याने दुसऱ्याला लागतही नाही."

यशूनं मोठा श्वास सोडला. शेजारी बसण्याबद्दल तिलाही एक भीती होती, पण ती तिनं कुणालाच सांगितली नव्हती. "बरं, मग त्या पांढऱ्या पेशी काय झोपा काढत होत्या?" तिनं विचारलं. "त्यांनी कर्कपेशीला का नाही झोडपलं?"

"उत्तम प्रश्न. पांढऱ्या पेशींमध्ये टी-पेशी असतात. शरीरात कुणी परके शिरले की त्या तुटून पडतात. परंतु कर्कपेशी परकी नाही, घरचीच बिघडलेली आहे. तिचा चेहरामोहरा घरच्यासारखा. टी-पेशी शेजारून जाते आणि तिला ओळखत नाही."

"म्हणजे समोरचा गडी कोण तेच कळत नाही होय! मग कुस्ती कसली करणार?"

"म्हणून डॉक्टरांनी काकांच्या रक्तातून टी-पेशी तेवढ्या वेगळ्या काढल्या. उरलेले रक्त तेव्हाच परत दिले. प्रयोगशाळेत त्या पेशींमध्ये एक नवे जनुक घातले. त्यामुळे त्यांच्या अंगावर नवा ग्राहक उगवला (ग्राहक म्हणजे समोरच्या पेशीवरची विशिष्ट खूण पकडणारा भाग, पेशीचा हातच म्हणा). आता ती खूण दिसताच तो घट्ट पकडतो आणि टी-पेशी हल्ला करते. अशा पेशी भरपूर वाढवल्या आणि गोठवून ठेवल्या. आज त्या परत येत आहेत. त्यांना जागा आणि खुराक मिळावा म्हणून जुन्या पांढऱ्या पेशी औषधाने कमी केल्या."

यशूचे डोळे चमकले. सकाळपासूनचं गौडबंगाल आता कुठे उलगडलं होतं. "म्हणजे तुम्ही त्यांना तालमीत घातलं! समोरच्याला ओळखायचं कसं, धरायचं कसं, सगळे डाव शिकवले आणि आता मैदानात सोडणार!"

"तालीम," जागल्या म्हणाला. "हा शब्द मला आवडला. मी ठेवून घेतो."

"मग काका नक्की बरा होईल?"

जागल्याच्या डोक्यावरचा दिवा मंद झाला. "पुष्कळ जण होतात. सगळे होत नाहीत. नक्की असे मी म्हणणार नाही, कारण मला खोटे बोलता येत नाही."

यशूनं मान हलवली. तिनं डबी जागल्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती खणात घालून कुलूप लावलं. यशूनं हात धुतले, अंगात झगा घातला, तोंडाला मास्क बांधला आणि ती आत गेली.

काका उशीला टेकून बसला होता. इतका रोडावला होता की यशूला क्षणभर तो आबांसारखा दिसला. पण तिला बघताच त्यानं डोळे मिचकावले. "आला का माझा चेला! आण माती."

"आत आणू देत नाहीत रे."

काकाचा चेहरा पडला. तेवढ्यात डॉक्टर नसीमा मुल्ला आल्या. काकाचा उपचार त्याच करत होत्या. त्यांच्या हातात एक छोटीशी पिशवी होती, आत मूठभर पाण्यासारखं काहीतरी. "चला पैलवान, तुमच्या पेशी आल्या. आत्ताच वितळवल्यात, फार वेळ ठेवता येणार नाहीत. हात पुढे करा."

काकानं दोन्ही हात पांघरुणात घातले. "मॅडम, रागावू नका. पण मी माती न लावता एकदा उतरलो आणि त्याची फळं भोगतोय. आज पुन्हा नाही उतरणार."

"अहो, या पेशी थांबणार नाहीत! मराव्यात असं वाटतं का तुम्हाला?"

"मला भीती वाटते," काका हळूच म्हणाला. "आता हरलो तर पुढं काय आहे, सांगा की."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. यशू कधी पिशवीकडे बघत होती, कधी काकाकडे. वेळ चालला होता. तिला रडूच येणार होतं, आणि एकदम तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"काका, अरे आज कुस्ती तुझी नाहीच!"

"आं?"

"कुस्ती या पिशवीतल्यांची आहे. ते शिकून आलेत, त्यांना समोरचा गडी ओळखता येतो. ते लढणार. तू आज पैलवान नाहीस रे, तू हौदा आहेस! ते तुझ्यात उतरणार. मग पाया कुणी कुणाच्या पडायचं, तूच सांग!"

डॉक्टरांनी मास्कमागे ओठ दाबले, पण डोळे हसत होते. "बरोबर बोलतेय पोरगी," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी पिशवी अलगद काकाच्या कपाळाला टेकवली. "घ्या. केला नमस्कार तुमच्या पैलवानांनी हौद्याला."

काकानं डोळे मिटले. मग पांघरुणातून हात बाहेर आला. "लावा," तो म्हणाला.

पिशवी रिकामी व्हायला शाळेच्या मधल्या सुट्टीएवढाही वेळ लागला नाही. मध्येच काकानं नाक मुरडलं. "इथं लसणाची फोडणी कोण देतंय?"

"आपल्याच अंगाला येत आहे," जागल्या दारातून म्हणाला. "पेशी गोठवताना त्यांना जपणारे द्रव्य घालतात, त्याचा हा वास. उद्यापर्यंत जाईल." यशू एवढी हसली की मास्क नाकावरून खाली आला आणि जागल्यानं तिला ताबडतोब बाहेर काढलं.

दोन दिवसांनी काका तापानं फणफणला. आबा येरझाऱ्या घालू लागले, पण आता घरात जागल्याला सगळं विचारून आलेली यशू होती. "लढाई सुरू झाली की टी-पेशी एकमेकींना हाका मारतात. त्यासाठी त्या सायटोकाइन सोडतात (पेशींचे निरोप नेणारी रसायनं). फार हाका झाल्या तर ताप चढतो, अंगाला झेपत नाही. म्हणून डॉक्टर त्यांना जरा दमानं घ्यायला लावणारं औषध देतात." आबा तिच्याजवळ सरकून बसले. मग ते पहिल्यांदाच म्हणाले, "आणखी सांग." ताप चार-पाच दिवस रेंगाळला, घरात कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं, आणि मग एका सकाळी काकाचाच फोन आला, "भूक लागलीय. रस्सा पाठवा!"

पुढच्या मोठ्या तपासणीत काकाच्या अंगात कर्कपेशीची खूण कुठेही सापडली नाही. डॉक्टर मुल्ला म्हणाल्या, "याला रेमिशन म्हणायचं (शोधूनही आजार न दिसण्याची अवस्था). तपासण्या पुढं बरीच वर्षं करत राहायच्या. आणि मातीत इतक्यात नाही हं! आपल्या टी-पेशी ज्या खुणेवर हल्ला करतात ती काही चांगल्या पेशींवरही असते, त्यामुळे त्याही गेल्यात. त्या परत येईस्तोवर जंतूंपासून जपायचं."

"दुसऱ्या कर्करोगांच्या गाठींनाही अशीच खूण असते का?" यशूनं विचारलं.

"काहींची सापडलीय, पुष्कळांची शोधायचीय. ते काम तुझ्यासारखीची वाट बघतंय. येशील?"

"येईन. पण सकाळची तालीम झाल्यावर!"

काकाच्या डोक्यावर केस आले, दंड भरू लागले. घरी निघायच्या दिवशी जागल्यानं खण उघडून कुंकवाची डबी परत दिली होती. ती तालमीतल्या कोनाड्यात बसून होती. अखेर एकदा डॉक्टरांनी "उतरा आता" असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अख्खी तालीम हौद्याभोवती गोळा झाली. काकानं डबी उघडली, आतली माती हौद्यात मिसळली, मग वाकून चिमूट उचलली आणि कपाळाला लावली. तोच हात त्यानं क्षणभर छातीवर ठेवला. कशासाठी ते फक्त यशूला कळलं.

मग शड्डू घुमला. "ये चेल्या, लाव हात!"

यशू धावत सुटली आणि उडी मारून थेट त्याच्या कमरेला भिडली. कडेला उभे असलेले आबा ओरडले, "अगं पोरी, माती लावायची राहिली की!"

काका खदाखदा हसला. "असू दे आबा, लागेल आपोआप," असं म्हणून त्यानं यशूला उचललं आणि लाल मातीत अलगद लोळवलं.