खालची वायर

रोटरी इंजिन बिघडलं की लोक आधी कार्बोरेटरला शिव्या देतात. मी देत नाही. तीस वर्षं गॅरेजमध्ये काढल्यावर एवढं कळतं, की जे दिसतं त्याच्याकडे सगळ्यात शेवटी बघावं. हे मला दादाने शिकवलं. आमच्याकडे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या या जुन्या इंजिनांतलं कळणारा तो एकटाच. मी आपला त्याचा धाकटा भाऊ.

दादाचा एक खाक्या होता. चूक कोणाचीही असो, सापडली की आधी मोठ्याने बोलून दाखवायची आणि मगच पाना लावायचा. कोणी गुपचूप सुधारली, तर दादा त्याची पाठ फिरल्यावर तोच बिघाड पुन्हा करून ठेवायचा आणि साळसूदपणे चहा पीत बसायचा. एकदा मी एकच कार्बोरेटर तीन वेळा उघडला होता. तेव्हा मला त्याचा भयंकर राग आला होता.

दहा महिन्यांपूर्वी एका दुपारी दादा घरामागच्या शेडमध्ये, त्याच्या स्वतःच्या गाडीत बसल्याजागी गेला. इंजिन चालू होतं, शेडचं दार बंद होतं आणि आत धूर कोंडला होता. दार कधीही न लावणाऱ्या माणसाने त्या दिवशी ते लावून घेतलं होतं, म्हणून लोकांनी काढायचा तो अर्थ काढला. वहिनींनी शेडला कुलूप घातलं. ते थेट गेल्या सोमवारी मला बोलावून उघडलं.

“भाऊजी, गाडीत बिघाड होता का, एवढंच सांगा,” त्या म्हणाल्या. “बिघाड शोधत बसले असतील, तर मी रडून मोकळी होईन. नसेल, तर ते मला सोडून गेले.”

त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि घरात निघून गेल्या. आभाळ भरून आलं होतं, भर सकाळी शेडमध्ये दिवा लावावा लागला. दाराची दोन्ही पाखं मी आत उघडून भिंतीला टेकवली, प्रत्येकाला एक वीट लावली आणि नवी बॅटरी जोडून गाडी सुरू केली.

इंजिन थरथरत उठलं. सायलेन्सरमधून एक बार, लगेच दुसरा. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की अर्ध्या मिनिटात बंद. कार्बोरेटर ठीक होता, त्यातला पेट्रोलची पातळी राखणारा फ्लोटही ठीक होता. सांध्यांवर फवारा मारून पाहिला, कुठूनही जादा हवा आत ओढली जात नव्हती. मग शेवटी मी प्लगच्या वायरींकडे पाहिलं.

या इंजिनात प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, एक वर आणि एक खाली. आधी पेटायला हवा खालचा. घोटाळा होऊ नये म्हणून दादा खालच्या वायरीला लाल दोरा बांधायचा. पुढच्या रोटरवर लाल दोरा वर होता.

मी तिथेच खाली बसलो. दादा गेला त्याच्या आदल्या संध्याकाळी, त्याने दोरे बांधून दिलेल्या नव्या वायरी मीच बसवल्या होत्या. घरी जायची घाई होती, आणि पिस्टनच्या इंजिनांची सवय झालेला हात आधी वरच जातो. म्हणजे दादा त्या दुपारी माझी चूक शोधत बसला होता.

ही गोष्ट वहिनींना सांगितली असती, तर त्यांचा प्रश्न तिथेच सुटला असता. माझी जीभ रेटली नाही. मी त्या दोन वायरी गुपचूप आपापल्या जागी लावल्या, इंजिन एका सुरात चालायला लागलं, मी ते बंद केलं आणि अजून बघतोय असं सांगून घरी आलो. शेडची किल्ली माझ्या खिशात होती.

मंगळवारी सकाळी गाडीने पुन्हा बार काढले. लाल दोरा वर होता.

आपणच काल गडबडीत विसरलो, असं मी स्वतःला समजावलं. वायरी बदलल्या आणि ओढून खात्री करून घेतली. निघताना बॉनेटवरची धूळ नीट पाहून ठेवली. तिच्यावर फक्त माझ्या बोटांचे ठसे होते.

बुधवारी पाखांना विटा लावून आत गेलो, तर धुळीवर तेच ठसे होते. लाल दोरा वर होता.

मी वहिनींना हाक मारली. त्या पदराला हात पुसत आल्या आणि बॉनेटपाशी उभ्या राहिल्या.

“वायरी उलट्या लागल्यात,” मी मोठ्याने म्हणालो. “दादा जायच्या आदल्या दिवशी मीच लावल्या होत्या. दादा माझी चूक शोधत होता, वहिनी.”

मी वायरी बदलल्या, आत बसून गाडी सुरू केली आणि पाय काढून घेतला. इंजिन सुरळीत चालत राहिलं.

वहिनी खिडकीपाशी आल्या. त्यांचे डोळे भरले होते.

“त्या दिवशीही अस्संच चालत होतं,” त्या म्हणाल्या. “तीन तास. स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. गाडी नीट चालतेय, म्हणून मी बघायलाच आले नाही.”

म्हणजे चूक दादाला सापडली होती. त्याने ती सुधारलीही होती. मग सोमवारी लाल दोरा पुन्हा वर कसा होता, आणि तो बसून का राहिला?

“मग दार का लावलं ह्यांनी?” वहिनींनी विचारलं.

शेडमध्ये काळोख झाला होता. ढग आले असतील म्हणून मी मागे वळून पाहिलं.

दाराची दोन्ही पाखं बंद होती.

विटा कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या.

वहिनींनी माझा दंड धरला. “ह्यांनी नव्हतं लावलं,” त्या हळूच म्हणाल्या.

मी इंजिन बंद करायला किल्ली फिरवली आणि काढून हातात घेतली.

इंजिन सुरळीत चालत होतं.