सोमवारच्या खोक्यात मंगळवारचा पेपर

“माफी? आणि मी? अजिबात नाय!”

मेघा गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर मांडी घालून बसली होती. टाकी रिकामी होती, त्यामुळे तिचं ओरडणं आत घुमून दुप्पट मोठं झालं. जिना चढून येणारा हनुमान दचकून थांबला आणि त्याच्यामागून धावत येणारी योगिनी त्याच्या पाठीवर आपटली.

“काय झालं गं?” हनुमाननं विचारलं.

“हे वाच!” मेघानं आईचा मोबाइल त्याच्यापुढं धरला.

हनुमान नववीत जाणार होता, मेघा आठवीत आणि मेघाची धाकटी बहीण योगिनी पाचवीत. तिघं मुकुंदवाडीतल्या एकाच गल्लीत राहत. मे महिन्याची सुट्टी लागली होती आणि सुट्टीतलं मुख्य काम म्हणजे टँकरचा हॉर्न वाजला की हंडे घेऊन पळणं! नळाला दहाव्या दिवशी पाणी येत होतं. दोन वर्षांपूर्वी आईनं बजावलं होतं, “माणसांनाच पाणी पुरंना, झाडांना थेंब मिळणार नाय!” तेव्हा मेघा हट्टाला पेटली. पाणी न मागणारी झाडंच लावते, म्हणाली आणि निवडुंग लावायला लागली. आता गच्चीवर दह्याच्या डब्यांत आणि कान तुटलेल्या कपांत तिची चाळीस रोपं होती. एकूण एक बियांपासून वाढवलेली.

मोबाइलवर ‘काटेरी मंडळ’ हा ग्रुप उघडा होता. राज्यभरातले निवडुंगवेडे त्यात होते आणि आपापली झाडं एकमेकांना विकत होते. येत्या रविवारी सिद्धार्थ उद्यानात मंडळाचा मेळावा होता. तिथं मेघाला पहिल्यांदाच स्वतःचं टेबल मिळालं होतं. दोन वर्षं ती या एका दिवसाची वाट बघत होती.

हनुमान मोठ्यानं वाचू लागला. “चि. मेघा, तू ‘हिमगिरी’ यांच्याविषयी ग्रुपवर जे लिहिलेस ते अशोभनीय आहे. रविवारपर्यंत सर्वांसमक्ष माफी माग. अन्यथा तुझे टेबल रद्द आणि सदस्यत्वही रद्द. तात्यासाहेब, अध्यक्ष.” त्यानं मान वर केली. “बापरे! तू लिहिलंस तरी काय?”

“खरं लिहिलं!”

झालं होतं ते असं. ‘हिमगिरी’ नावाचा एक विक्रेता ग्रुपवर रोज सुंदर सुंदर निवडुंगांचे फोटो टाकायचा. झाडं थेट हिमालयातल्या कालिंपोंगच्या डोंगरातली, असं लिहायचा. भाव मात्र कधीच लिहायचा नाही. खाली एकच ओळ असायची : ‘भावासाठी इनबॉक्स करा’. मेघानं साठवलेले दीडशे रुपये देऊन त्याच्याकडून चांदणीसारखा एक निवडुंग घेतला. पैसे पोचले आणि मग हळूच दुसरा निरोप आला : विमानानं कुरिअर दोनशे ऐंशी, पॅकिंग सत्तर, डोंगराळ भागाचा आकार पन्नास! ते दिले नाहीत तर झाडही नाही आणि दीडशेही परत नाहीत. दीडशेचं झाड, साडेपाचशेला पडलं!

मेघानं आईची बोलणी खाल्ली, पैसे भरले आणि मग ग्रुपवर सगळ्यांसमोर लिहिलं, ‘भाव इथंच लिहा. पार्सलचा खर्च आधी सांगा. चोरून कशाला?’

“हिमगिरी म्हणतोय, शाळकरी पोरं मंडळाचं नाव खराब करतात,” मेघा धुसफुसली. “आणि तात्यासाहेबांनी मला साधं विचारलंही नाही! मोठा माणूस बोलला म्हणजे खरंच असणार, नाही का?”

“ताई,” योगिनी मधेच म्हणाली, “आपला टँकर मंगळवारी येणार होता ना?”

“तुला टँकरचं काय पडलंय आत्ता!”

“नाय, यात लिहिलंय म्हणून विचारलं.”

योगिनीला कुठलाही कागद फेकवत नसे. कागद दिसला की ती तो सपाट करून घड्या घालायला बसे. आत्ता तिच्या मांडीवर एक चुरगळलेलं वर्तमानपत्र होतं. निवडुंग पाठवताना कुंडी पाठवत नाहीत. माती झाडून, मुळं उघडी करून ती कागदात गुंडाळतात. चांदणीची मुळं ज्या कागदात गुंडाळून आली होती, तोच हा कागद.

हनुमाननं तो हिसकावून घेतला. “अगं, हा तर आपल्या शहराचा पेपर! ‘मुकुंदवाडी, चिकलठाणा : टँकरचे वेळापत्रक’. आणि तारीख बघ. या मंगळवारची!”

मेघानं टाकीवरून खाली उडीच मारली. मोबाइलवरचा हिमगिरीचा निरोप तिनं पुन्हा वाचला. ‘आपले झाड सोमवारी कालिंपोंगहून निघाले आहे.’ खोकं मिळालं होतं बुधवारी.

“सोमवारी निघालेल्या खोक्यात मंगळवारचा पेपर कसा येईल?” ती ओरडली. “आणि तोही इथला!”

“चांदणीच्या बुडाशी बघ,” हनुमान म्हणाला. “तुझ्या रोपांवर असतो तसाच पांढरा थर आहे.”

“खाऱ्या पाण्याचा! टँकरच्या पाण्यानंच येतो तसा! कालिंपोंग गेलं उडत. हा माणूस इथंच कुठंतरी बसलाय!”

“पण एवढ्या मोठ्या शहरात शोधायचा कुठं?”

उत्तर पेपरच्या कोपऱ्यातच होतं. हनुमानचे वडील, आप्पा, सकाळी घरोघरी पेपर टाकत. कुठला पेपर कुठल्या घरी जायचा, ते विसरू नये म्हणून पेपरवाले कोपऱ्यात पेन्सिलीनं खूण करतात, हे हनुमानला लहानपणापासून ठाऊक होतं. इथं बारीक अक्षरात लिहिलं होतं ‘चि १४’.

“हे आप्पांचं अक्षर नाय,” तो डोळे बारीक करून म्हणाला. “पण असा शेपटीवाला चार एकच माणूस काढतो. चिकलठाण्याचे कडुबामामा!”

रात्रभर मेघाला धड झोप लागली नाही. सकाळी निघताना आईनं मोबाइल तिच्या हातात ठेवला, पण वर दमही भरला. “घेऊन जा. तात्यासाहेबांना दाखव काय दाखवायचं ते. पण माफी मागूनच ये. मोठ्यांशी कशाला वाद घालायचा?”

मेघानं मोबाइल घेतला. त्या पेपरची घडी पिशवीत टाकली आणि सायकल बाहेर काढली.

सहा वाजता दोन सायकली जालना रोडनं निघाल्या. योगिनी हनुमानच्या कॅरिअरवर बसून एकसारखी बडबडत होती. चिकलठाण्याच्या चौकात कडुबामामा पेपरांचे गठ्ठे लावत बसले होते.

“जय भीम, मामा!” मेघानं हाक दिली.

“जय भीम, पोरी! इतक्या सकाळी कुठं फौज निघाली?”

हनुमाननं कोपरा दाखवला. मामांनी चष्मा कपाळावर चढवला. “व्हय, माझंच हाये. चौदा नंबर म्हंजी राजकुमारशेठचा बंगला. इमानतळाच्या भिंतीपल्याड नवी वसाहत झाली ना, तिथं. गच्चीवर हिरवी जाळी हाये बघा. रोज धा वाजता टँकर येतो त्यांच्याकडं. लई झाडं ठिवलीत म्हनं!”

योगिनीनं टाळीच वाजवली. “सापडला! चला, बेल वाजवू!”

“थांब,” मेघा म्हणाली. “आपण तिघांनी पाहून काय उपयोग? उद्या तोच म्हणणार, पोरं खोटं बोलतात. पाहायला हवं तात्यासाहेबांनी.”

तात्यासाहेब सिडकोत राहत. तीस वर्षं शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते. मेघाला दारात पाहताच त्यांची मुद्रा प्रसन्न झाली. “माफी मागायला आलीस? छान! चुकलं की कबूल करावं माणसानं.”

“चुकलेलीच नाही मी, सर. हा पेपर बघा.”

तात्यासाहेबांनी पेपर बघितला, तारीख बघितली आणि खांदे उडवले. “असेल काही गफलत. हिमगिरी अतिशय सज्जन गृहस्थ आहेत.”

“तुम्ही कधी पाहिलंय त्यांना?”

“पाहिलं नाही. पण त्यांची भाषा किती सभ्य आहे!”

हनुमानला हसू आवरेना. मेघा मात्र हसली नाही. तिचे कान तापले होते.

“सर, माझी भाषा सभ्य नसेल, पण मी प्रत्येक रोपाखाली भाव लिहिते! एसटीच्या पार्सलची पावती जेवढ्याची तेवढेच पैसे घेते आणि ते आधी सांगते. तुम्ही आत्ता माझ्यासोबत चिकलठाण्याला चला. मी खोटी ठरले तर ग्रुपवर माफी मागीन, मेळाव्यात मागीन, आणि माझी चाळीसही रोपं मंडळाला देऊन टाकीन!”

“ताई!” योगिनीच्या तोंडचं पाणीच पळालं. चाळीस रोपं म्हणजे ताईचा जीव होता.

तात्यासाहेबांनी चपला पायात घातल्या आणि रिक्षा थांबवली.

दहा वाजता ते सगळे त्या बंगल्याच्या फाटकाबाहेर, लिंबाच्या सावलीत उभे होते. ऊन नुसतं भाजत होतं. टँकरचा पाइप भिंतीवरून गच्चीवर चढवला जात होता. वर हिरवी जाळी होती, पण माणूस दिसत नव्हता.

“सर, हिमगिरींना फोन लावा,” मेघा म्हणाली. “आणि स्पीकरवर ठेवा.”

तात्यासाहेबांनी फोन लावला. त्याच क्षणी वर गच्चीत घंटी वाजली!

“योगायोग,” तात्यासाहेब पुटपुटले. पण त्यांचा आवाज पडला होता.

“नमस्कार, नमस्कार तात्यासाहेब!” स्पीकरमधून गोड आवाज आला. तोच आवाज वरूनही येत होता.

“नमस्कार. काय म्हणतंय कालिंपोंग?”

“काय सांगू! दाट धुकं पडलंय. स्वेटर घालून बसलोय बघा. तुमच्याकडं उकडत असेल, नाही?”

टँकरवाल्यानं तोंड वर केलं आणि बोंब ठोकली, “ओ राजकुमारशेठ! पाइप निसटला की! धरा पटकन!”

ती बोंब फाटकापाशी ऐकू आली आणि स्पीकरमधूनही ऐकू आली. मागोमाग दोन्हीकडून “अरे अरे अरे!” झालं. पाण्याचा एक लोट गच्चीवरून थेट तात्यासाहेबांच्या डोक्यावर कोसळला.

“कालिंपोंगचं धुकं भलतंच ओलं आहे!” हनुमान म्हणाला.

कठड्यावरून एक घामाघूम, बनियन घातलेला माणूस वाकला. खाली निथळणारे तात्यासाहेब बघून त्याचा चेहरा उतरला. हातातला फोन अजून चालूच होता.

“स्वेटर कुठं गेलं, काका?” योगिनीनं निरागसपणे विचारलं.

राजकुमारशेठ खाली आला तेव्हा त्याची नजर जमिनीवर होती. फाटक उघडल्याबरोबर मेघा पुढं झाली.

“तुमची झाडं चांगली आहेत. माझी चांदणी तर एकदम निरोगी आहे. मग हे खोटं कशाला?”

“चिकलठाण्याचा निवडुंग म्हटलं तर कोण भाव देतं, बाई?” तो कसाबसा म्हणाला. “पिकतं तिथं विकत नाही. कालिंपोंग म्हटलं की लोक पुसत नाहीत काही.”

“मग भाव जास्त लावा! तुमची मेहनत आहे, तुमचा हक्क आहे. पण उघड लावा! झाडाचा भाव तुम्ही ठरवा, रस्त्याचा भाव रस्त्याएवढाच घ्या! चिकलठाणा ते मुकुंदवाडी विमान कधी सुरू झालं?”

टँकरवाला पाइप सोडून हसत सुटला. तात्यासाहेबांनी रुमालानं चष्मा पुसला, पुन्हा पुसला आणि म्हणाले, “राजकुमारराव, मंडळात ज्यांच्याकडून असे पैसे घेतलेत, त्या सगळ्यांना ते परत करा. आजच. नाहीतर सदस्यत्व रद्द. हा निरोप मी चुकीच्या माणसाला पाठवला होता.”

रविवारी सिद्धार्थ उद्यानात मेघाचं टेबल लागलं. प्रत्येक डब्याला चिठ्ठी होती. भाव, पॅकिंग, पार्सलचा खर्च आणि वाटेत झाड मेलं तर काय, सगळं योगिनीच्या गोलसर अक्षरात लिहिलेलं. दुपारपर्यंत एकतीस रोपं गेली. कोपऱ्यातल्या टेबलावर राजकुमारशेठही बसला होता. त्याच्या पाटीवर ‘चिकलठाणा’ लिहिलं होतं आणि त्याच्यापुढंही चांगलीच गर्दी होती.

तात्यासाहेब माइकपाशी उभे राहिले. “मी तीस वर्षं मुलांना सांगत आलो, आधी निरीक्षण करा, मग बोला. या वेळी मी न बघताच बोललो. निरीक्षण या तिघांनी केलं. मेघा, माफी मला मागायची आहे. आजपासून मंडळाचा नियम : भाव, पार्सलचा खर्च आणि झाड कुठून निघणार ते गाव, तिन्ही गोष्टी फोटोखालीच लिहायच्या. लहानमोठं कुणीही असो!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. मेघाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

संध्याकाळी ती आईजवळ मोबाइल घेऊन बसली होती. टिंग वाजलं. ग्रुपवर एका झुपकेदार निवडुंगाचा फोटो आला होता. खाली मजकूर : ‘माझ्या संग्रहातले खास झाड. इच्छुकांनी इनबॉक्स करावे. तात्यासाहेब.’

मेघा बघतच राहिली. दुपारी एवढं कौतुक केलं त्यांनी. आता लगेच कसं बोलायचं?

आईनं तिच्या खांद्यावरून वाचलं. “लिही,” ती म्हणाली.

“अगं पण, मोठे आहेत ते.”

“मोठे असले म्हणून काय झालं? लिही म्हणते ना!”

मेघानं लिहिलं, ‘तात्यासाहेब, भाव?’

दोन मिनिटांत पहिला फोटो गायब झाला. तिसऱ्या मिनिटाला तोच फोटो परत आला. ‘किंमत दोनशे. पॅकिंग वीस. झाड सिडकोतून निघेल, घरी येऊन नेल्यास पार्सल खर्च नाही. सवय जायला वेळ लागतो, बाळ.’