शंभरावा ठोका

वीज गेली की आमच्या रामदासपेठेतल्या गच्चीवर शेजारचे भैय्याजीकाका गोष्टी सांगत. ही त्यांच्या मित्राची, चंपतरावांची.

“भुताची आहे का?” माझ्या धाकट्या बहिणीने, जयाने विचारलं.

“ते तूच ठरव वं. मी घडलं ते सांगून राहिलो.”

सत्त्याऐंशी साल. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीची रात्र. चंपतराव हिंगणा रोडवरच्या एका कारखान्यात छोट्याशा कामाला निघाले होते. पत्रा कापणाऱ्या प्रेसची चिप बदलायची होती. चिपमधला प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला. प्रेसच्या तोंडाशी उजेडाची एक तिरीप असे. हात आत गेला आणि तिरीप तुटली, की प्रोग्रामने प्रेस तिथल्या तिथे थांबवायची.

पण तो आधी किती पत्रे कापून झाले तो आकडा पाटीवर दाखवी, मग तिरीप बघे. एरवी चालून जाई. शंभर भरले की मात्र सगळेच आकडे बदलायचे, आणि तेवढ्यात उशीर होई. चाचणी घेताना दहा-वीस ठोके बघून सगळे चहाला गेले होते. शंभरापर्यंत कोणी थांबलंच नाही.

शंभरापर्यंत पहिल्यांदा पोचला तो कामगार कवडू. त्या ठोक्याला त्याचा हात आत होता. तो वाचला नाही.

“मंग, काका?”

“मंग त्याच्या जागी त्याच्या लहान भावाले घेतलं, धोंडबाले. सकाळी तो त्याच प्रेसवर बसणार होता. म्हणून त्या रातीच चिप बदलणं आलं.”

कारखान्यात कोणी नव्हतं. चौकीदार फाटकावर. चंपतरावांनी यंत्रातली जुनी चिप काढली आणि दोन्ही चिपा टेबलावर ठेवल्या. जुनीवर पांढरा कागद, नवीवर पिवळा. एक बसवली, प्रेस चालू केली. नव्याण्णव झाल्यावर तिच्या तोंडात बांबूची काठी सरकवली. प्रेस काठीच्या बोटभर वर थांबली. पुढच्या शंभरालाही थांबली.

“जमलं गा!” ते स्वतःशीच हसले आणि हत्यारांची पेटी बंद करायला वळले.

टेबलावर चिप पडली होती. पिवळ्या कागदाची.

त्यांनी टॉर्च मारला. यंत्रात पांढरा कागद. घाईत जुनीच परत बसवली होती.

जया मला चिकटून बसली.

चंपतरावांच्या मनात आलं, मग... थांबवतं कोण?

पुन्हा चालू केली. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. काठी आत. प्रेस खाली आली. काठी मागे ढकलली गेली... हळूच. आतून. कोणी मनगट धरून हात बाहेर काढावा तशी.

“कवडू?”

त्यांनी प्रेस बंद केली.

“धोंडबाले काही होऊ देणार नाही मी... ऐकलं का गा?”



त्यांनी नवी चिप बसवली. शंभर ठोके. काठी. प्रेस थांबली. या वेळी काठी कोणी ढकलली नाही. तरी उजाडेपर्यंत ते पुन्हा पुन्हा तपासत राहिले.

सकाळी धोंडबा आला. बसायला गेला आणि तसाच उभा राहिला. स्टुलावर प्लास्टिकच्या पन्नीत खर्रा होता, सुपारी-तंबाखू घोटून केलेला. अर्धा खाल्लेला. चंपतराव सुपारीसुद्धा खात नसत. चौकीदार म्हणाला, आत कोणीच गेलं नाही.

धोंडबाने पन्नी उचलून वास घेतला.

“आमचा दादा असाच घोटे. अर्धा माह्यासाठी ठेवे.”

त्याने बोट लावून बघितलं. खर्रा अजून ओला होता.