ब्रेक कोणी कसले?

भंडाऱ्याकडून पूल ओलांडून कारध्याला उतरेपर्यंत मागचा मोटरसायकलवाला सारखा हॉर्न वाजवत होता. हर्षाने आरशात पाहिलं. हात काय हलवतो, ओरडतो काय! असले हॉर्नवाले मजनू तिने खूप पाहिले होते. तिने जीप आणखी पळवली. मागे जोडलेला कॅम्पर, म्हणजे दोन चाकांवरची ती छोटीशी खोली, धडधडत ओढला गेला. नाकाडोंगरीच्या जंगलाकडे येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिने तो नागपुरातून जुना विकत घेतला होता. दोन बिछाने, एक शेगडी, आणि हर्षाचा सगळा जीव त्यात.

शेवटी त्या पठ्ठ्याने मोटरसायकल पुढे घालून आडवीच लावली.

"काय पायजे तुमाले?" हर्षा काच खाली करून कडाडली. "पोलिसाले फोन करू का?"

"करा ना. फायर ब्रिगेडलेही करा," तो शांतपणे म्हणाला. "तुमचं डावं चाक धूर सोडून राहिलं, मॅडम."

हर्षा खाली उतरली. जळक्या ग्रीसचा वास नाकात शिरला आणि तिचा सगळा तोरा उतरला. त्याने हाताची मागची बाजू चाकाच्या मधोमध नेली आणि झटकन मागे घेतली. "हातच भाजते बापा! दोन मिनिटांवर माझं दुकान आहे. हळू आणा... अगदी हळू."

हा कमलेश. रस्त्याच्या कडेला त्याचं ट्रॉल्या-जीपा दुरुस्त करायचं दुकान, मागे घर, घरात आई रत्नाबाई. त्याने कॅम्पर जॅकवर घेतला, दुसऱ्या चाकाला विटा लावल्या, डाव्या चाकाचं झाकण काढलं, आणि आतला नट पाहून हसतच सुटला.

"हा कोणं कसला?"

"बाबानं. घट्ट असलं म्हणजे पक्कं असते म्हणे."

"तुमच्या बाबाले सांगा, हा काही धानाचा भारा नाई आवळायले! बेअरिंगले थोडी मोकळीक लागते. नाई त ते फिरता फिरता स्वतःच जळते."

त्याने जुनी बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन तिला दाखवली, निळी पडलेली. नवीन काढली, तळहातावर ग्रीसचा गोळा घेतला आणि बेअरिंग त्यावर दाबत दाबत भरू लागला. हर्षा बघतच राहिली. काळ्या बोटांनी इतकं नाजूक काम!

"नुसतं पाहून काय राहिल्या? शिकून घ्या," तो मान वर न करता म्हणाला.

"शिकूनच राहिली."

"डोळ्यांनी ग्रीस भरत नाई, मॅडम."

"मॅडम म्हटल्यानंही भरत नाई. हर्षा म्हणा."

त्याची मान वर झाली. कान लाल झाले. मग त्याने तिच्या तळहातावर ग्रीसचा गोळा ठेवला... आणि ठेवायला लागतो त्याहून जरा जास्तच वेळ लावला.

कामाला तीन दिवस लागले. दोन्ही चाकं झाली, ब्रेकचे लायनर बदलले. ब्रेक कसे कसायचे तेही त्याने तिच्याकडूनच करवून घेतलं. चाक अडेपर्यंत कसायचं, मग थोडं थोडं सोडायचं, चाक मोकळं फिरेपर्यंत. रत्नाबाईंचा चहा पीत पीत हर्षा शिकली, हसली, भांडली. चौथ्या दिवशी कमलेश छाती फुगवून म्हणाला, "आता वर्षभर पाहावं लागत नाई."

वर्षभर! आणि सांगताना केवढा अभिमान त्या वेड्याला!

पुढे दोन महिने चाकांनी हूं की चूं केलं नाही. धानकापणी आटोपली, दिवाळीनंतरच्या मंडया, गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या. कारध्यातून जाताना हर्षा जीप हळू करायची, तो पाना उंचावून हसायचा, आणि ती पुढे निघून जायची. थांबायचं तरी कोणत्या तोंडाने? गाडी झकास चालत होती ना.

शुक्रवारी बाजारात रत्नाबाई भेटल्या. "पोरगं सोमवारी पुण्याले चाललं, बाई," त्या म्हणाल्या. "कंपनीत लागून राहिलं."

हर्षा भाजी न घेताच घरी आली.

शनिवारी सकाळी ती पाना-पेचकस घेऊन कॅम्परखाली शिरली. शिकवल्याप्रमाणे दोन्ही ब्रेक चाक अडेपर्यंत कसले, आणि सोडले मात्र नाहीत. जीपने कुरकुरत, नाक मुरडत कॅम्पर कारध्यापर्यंत ओढला. दुकानासमोर पोचेतो दोन्ही चाकं चांगलीच तापली होती.

कमलेश आनंदाने धावत आला. चाकामागे वाकला. बराच वेळ वाकूनच राहिला. उभा राहिला तेव्हा चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"ब्रेक कोणी कसले?"

"बा... बाबानं."

"बाबानं? दोन्हीकडं बरोब्बर सारखे? पेचकसाचे ताजे ओरखडे आहेत." त्याचा आवाज चढला. "लायनर जळाले असते! पुलावर चाक जाम झालं असतं त? तुले काही झालं असतं त मी काय केलं असतं, हर्षा?"

तुले. आजवर तो तिला 'तुमी' म्हणत आला होता. हर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्याच्या मागोमाग रागही.

"मंग कोणतं निमित्त घेऊन येऊ मी? तू काम असं केलं का काही बिघडतच नाई! सोमवारी चालला, मले एका शब्दानं सांगितलं नाई..."

"कोणाले सांगू? तू त दुकानासमोरून सरळ निघून जात होती!"

"काहून थांबू? गाडी चांगली चालत होती!"

मग हर्षाने ओढणीने नाक पुसलं आणि सरळ सांगून टाकलं, "तू मले आवडतो. चुकलं माझं, ब्रेकले हात लावायले नोहोता पायजे. पण हे खरं आहे."

कमलेश स्टुलावर मटकन बसला. "दोन महिने देवाले म्हणून राहिलो, तिचं काहीतरी बिघडू दे... लहानसं! येथं बसून तुझी वाट पाहवत नाई, म्हणून पुण्याले हो म्हटलं."

"आन आता?"

त्याने हात पुसले. खिशातून फोन काढून तिच्यासमोरच लावला. "साहेब, कमलेश बोलतो. सोमवारी येत नाई मी... हाव, पक्कं... कारण काय म्हणजे... घरचे नाई म्हणते."

आतून रत्नाबाईंचा आवाज आला, "मी कवा नाई म्हटलं रे?"

"तू नाई, माय," फोन कानालाच धरून कमलेश म्हणाला.

स्वयंपाकघरातली भांडी वाजायची थांबली. रत्नाबाई पदराला हात पुसत दारात आल्या. एकदा लेकाकडे पाहिलं, एकदा हर्षाकडे. हर्षाने मान खाली घातली.

"मंग बाहेर काहून उभी, बाई?" त्या म्हणाल्या. "घरात ये."