दुसरा बाण

"गुणाची आहे गं, नाही कशाला म्हणू... पण पहिलीचा हात फिरला की घर कसं उजळायचं! तो हात हिला कुठून यायचा?"

सासूबाई फोनवर नणंदेला सांगत होत्या. मी दाराआड, वाळलेले कपडे छातीशी धरून. पहिली म्हणजे माझ्या नवऱ्याची वारलेली बायको. जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "माऊस बिघडलाय बहुतेक. बाण आपोआप सरकतो. बघतेस का?"

लग्नाआधी मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये हेच करायचे. घरचा कॉम्प्युटरही तिथल्यासारखाच लिनक्सवर चालणारा. लिनक्स कुरकुरतं, पण कुठे दुखतंय ते सांगतं; या घरातल्या माणसांपेक्षा बरं. म्हटलं, चला, इथे तरी आपला हात फिरू दे.

माऊस पुसला, वायर दुसरीकडे लावून पाहिली. मग काय काय जोडलंय त्याची यादी मागवली. माऊस एकच. बाण मात्र दोन.

"हो, दोनच आहेत," नवरा दारातून म्हणाला. "आम्ही एकाच स्क्रीनवर काम करायचो ना... तिनेच करून घेतले होते. एक माझा, एक तिचा. ती डावीकडे बसायची."

इतक्या हळू आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. "चहा होतोय, ये," म्हणत तो स्वयंपाकघरात गेला.

मी आज्ञा टाइप केली : दुसरा बाण काढून टाक. एंटर जरा जोरातच दाबलं. यादीत एकच बाण उरला. त्या आनंदात मी स्क्रीनभर आमच्या लग्नाचा फोटो लावला.

फोटोवर बाण दोन होते.

मी माऊसची वायर उपटली. माझा बाण जागच्या जागी थिजला. दुसरा डावीकडून निघाला, माझ्या चेहऱ्याला वळसा घालून पुढे गेला आणि नवऱ्याच्या केसांवरून फिरू लागला... कपाळापासून मागे... पुन्हा कपाळापासून मागे...

टेबलाचा डावीकडचा खण ओढला. आत एक जुना माऊस, वायर भोवती नीट गुंडाळलेली. उचलला, तर कोमट. कुणीतरी आत्ताच हातातून ठेवल्यासारखा. मी तो मुठीत घट्ट आवळला. स्क्रीनवरचा बाण थांबला नाही.

तशीच स्वयंपाकघरात गेले. सासूबाई पाठमोऱ्या, चहा गाळत होत्या. नवरा खुर्चीत डोळे मिटून बसला होता, मान डावीकडे कललेली. असं सुख त्याच्या चेहऱ्यावर मी अजून पाहिलं नव्हतं. खिडक्या बंद होत्या, पंखाही. तरी त्याचे केस कपाळावरून मागे जात होते... हळूहळू... पुन्हा...

त्या घरात मी पहिल्यांदाच आवाज चढवला.

"आई, तुमचं फोनवरचं ऐकलं मी. आता वळून बघा... पहिलीचा हात अजून फिरतोय."